जॉबर गेला, ओळखीचे काय?

मुंबईच्या कापडगिरणीत लागायचे तर आधी जॉबर गाठावा लागे. जॉबर आपल्या गावचा, आपल्या भावकीतला माणूस आधी भरी. उरलीसुरली जागा मग दुसऱ्याला. आपल्या माणसांना कताईच्या खात्यात घेत, पण जादा पगाराच्या विणकामाच्या साचेखात्यात पाऊल टाकू देत नसत. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि आपल्या तोंडचा विटाळ शेजारच्या कामगाराला चालत नसे! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला होता. काम येत नव्हते म्हणून नव्हे, तर जात आड येत होती आणि दारावर आपल्या ओळखीचा माणूस नव्हता म्हणून भाकरी अर्धी राहिली, हे आपल्या वाडवडिलांनी सोसलेले आहे.

आता गिरण्या गेल्या आणि जॉबरही गेला. सरकारी कचेऱ्यांतली, पालिकेतली खालच्या श्रेणीची कितीतरी कामे कंत्राटावर गेली. आपली मुले-मुली बी.कॉम., आयटीआय, डिप्लोमा, नर्सिंग करून जिथे अर्ज घेऊन जातात त्या खाजगी कंपन्यांत आरक्षण नाही, आणि कित्येक जागांची जाहिरात वर्तमानपत्रात येतच नाही. मग माणूस भरतात कसा? भरती करणारा अधिकारी संगणकावर बसतो, हव्या त्या कामाचे नाव टाकतो आणि समोर येणाऱ्या नावांतून दहा-बारा निवडतो. ही नावे जिथे मांडलेली असतात त्या ठिकाणांत सगळ्यांत जास्त बोलबाला लिंक्डइनचा. अमेरिकेत २००३ साली ते सुरू झाले, २०१६ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने विकत घेतले. खाते उघडायला पैसा पडत नाही. २०२४ पासून त्यावरची बटणे आणि सूचना मराठीतही वाचता येतात. तिथे आपण आपल्याविषयी जे पान लिहून ठेवतो त्याला म्हणतात प्रोफाइल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गवंडी, वायरमन, ड्रायव्हर, घरकाम करणाऱ्या भगिनी यांना काम अजूनही नाक्यावर, फोनवर आणि ओळखीपाळखीनेच मिळते. त्यांनी लिंक्डइनच्या मागे दिवस घालवावेत असे आम्ही म्हणणार नाही. पण अकाउंट्स, दवाखाना, कारखान्यातली सुपरवायझरी, संगणकाचे काम, बँका-विमा, सामाजिक संस्था अशा ठिकाणी जाऊ पाहणाऱ्यांचे हे पान रिकामे असणे म्हणजे दारात उभे राहून कडी न वाजवण्यासारखे आहे.

आमच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर काही मुले-मुली अभ्यासिकेत थांबतात. त्यांतल्याच एका मुलीची ही हकीकत. बी.कॉम. झालेली, एका घाऊक व्यापाऱ्याच्या पेढीवर दोन वर्षे अकाउंट्सला आहे. पगार तुटपुंजा, म्हणून दुसरी जागा शोधत होती. म्हणाली, "काका, सहा महिने झाले प्रोफाइल टाकून. कुणी विचारत नाही."

आम्ही तिचे पान उघडून पाहिले. फोटोच्या जागी बाबासाहेबांचा फोटो. नावाखालच्या ओळीत, तिला हेडलाइन म्हणतात, लिहिले होते 'नोकरीच्या शोधात'. त्याखाली स्वतःविषयी चार ओळींची इंग्रजी: मी अत्यंत गतिमान, ध्येयनिष्ठ, परिणामांवर लक्ष ठेवणारी व्यक्ती आहे, वगैरे. आम्ही विचारले, "हे गतिमान म्हणजे काय गं?" ती हसली. मैत्रिणीच्या पानावरून उतरवून घेतले होते. मैत्रिणीने आणखी कुणाच्या. आणि जिथे केलेले काम लिहायचे तिथे काय होते? पेढीचे नाव, आणि पुढे 'अकाउंट्स, २ वर्षे'. बस्स.

आम्ही वही काढली आणि तिला म्हणालो, "बाळा, सकाळी पेढीवर गेल्यावर पहिले काम काय करतेस ते सांग."

"काही विशेष नाही काका. बिलं चढवते."

"किती?"

"साठ-सत्तर. दिवाळीत दीडशेच्या घरात."

"कशात चढवतेस?"

"टॅलीत. मग महिन्याच्या ११ तारखेच्या आत जीएसटीआर-वन, २० च्या आत थ्री-बी. सीए साहेब एकदा नजर टाकतात, तेवढंच."

"बँकेच्या खात्याशी मेळ कोण घालतं?"

"मीच. त्यातच एकदा सापडलं ना, एका पार्टीचं बिल दोनदा दिलं होतं. मी कागद काढून दाखवले, त्यांनी पैसे परत केले."

"मालक काय म्हणाले?"

"म्हणाले, बरं झालं."

वाचक बंधु-भगिनींनो, दोन वर्षे या मुलीने सरकारी कराचे विवरण मुदतीत भरले, चुकून गेलेला पैसा शोधून आणला, आणि तिच्या लेखी ते 'काही विशेष नाही'! हा शब्द आपल्या घराघरांत आहे. पहाटे चारला उठून चार घरची धुणीभांडी करून आलेली आई हेच म्हणते. पिढ्यान् पिढ्या आपल्या कामाला कुणी नावच दिले नाही, त्यामुळे आपणही ते द्यायला शिकलो नाही. दुसऱ्या घरातला मुलगा काकाच्या ऑफिसात पंधरा दिवस बसून येतो आणि 'वित्तीय कामकाजाचा अनुभव' असे लिहितो. आपली मुलगी दोन वर्षांचे दोन शब्द करते.

तेव्हा पहिले काम वहीचे, मोबाइल नंतर. आठवडाभर रोज रात्री लिहून ठेवा: आज काय केले, किती केले, कशावर केले, कुणाला दिले. आठ दिवसांनी त्या वहीतूनच प्रोफाइल निघते. आमच्या या मुलीची हेडलाइन तशीच निघाली: 'अकाउंट्स असिस्टंट | टॅली प्राइम, जीएसटी रिटर्न, बँक रिकन्सिलिएशन | बी.कॉम.' 'नोकरीच्या शोधात' हे शब्द भरती करणारा माणूस शोधत नाही, तो 'टॅली' शोधतो, 'जीएसटी' शोधतो. हेडलाइनला २२० अक्षरांची जागा असते. त्यात आपल्या हाताचे काम यावे. आणि हे सारे साध्या इंग्रजीत लिहावे, कारण शोधणारा इंग्रजीतच शोधतो. बटणे मराठीत असली तरी मजकूर इंग्रजीत, हे लक्षात ठेवा. इंग्रजी कच्चे असेल तर आधी मराठीत लिहावे, मग कुणा शिक्षकाकडून किंवा शिकलेल्या शेजाऱ्याकडून तपासून घ्यावे. हल्ली मुले संगणकाकडूनच लिहून घेतात. घ्यावे, हरकत नाही, पण त्यात एक धोका आहे. तो यंत्राचा लेखक पुन्हा तेच 'गतिमान, ध्येयनिष्ठ' लिहून देतो, कारण त्याला तुमची साठ-सत्तर बिले माहीत नसतात. वही त्याला दाखवा, आणि तो जे न केलेले काम घालील ते काढून टाका.

न केलेले काम कधीच लिहू नये. पंचशीलातले चौथे शील प्रोफाइललाही लागू आहे, आणि व्यवहाराच्या बाजूनेही तेच बरे. मोठ्या कंपन्या नेमणुकीआधी मागच्या मालकाकडे चौकशी करतात, मार्कशीट तपासतात. खोटे उघडे पडले की लागलेली नोकरी जाते.

'अबाउट' म्हणून जो भाग असतो त्याला २,६०० अक्षरांची जागा आहे, पण तेवढी भरायची मुळीच गरज नाही. पाहणाऱ्याला पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, पुढचे बटण दाबल्यावर उघडते. म्हणून पहिल्या ओळीतच मुद्दा हवा. आमच्या मुलीने लिहिले ते मराठीत सांगायचे तर असे: 'मी दोन वर्षांपासून एका घाऊक व्यापारी पेढीचे रोजचे हिशेब सांभाळते. दिवसाला ६० ते ७० बिलांची टॅलीत नोंद, दर महिन्याचे जीएसटी विवरण, आणि बँकेच्या खात्याशी मेळ ही माझी कामे. मेळ घालताना दोनदा दिलेले एक बिल शोधून ती रक्कम परत मिळवली.' रक्कम किती आणि पार्टी कोण हे आम्ही मुद्दाम लिहू दिले नाही. पेढीच्या पोटातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडणाऱ्या माणसाला उद्याचा मालक कामावर घ्यायला कचरतो.

तिच्या वहीत आणखी एक पान होते. वसाहतीच्या भीमजयंतीच्या समितीचे हिशेब गेली तीन वर्षे तीच पाहते. पावतीपुस्तके, मंडपवाल्याचे, ध्वनिक्षेपकाचे बिल, शिल्लक, आणि मे महिन्यात सगळ्या वसाहतीपुढे उभे राहून जमाखर्चाचे वाचन. पै-पैला विचारणारी आपली माणसे! त्या सभेत तीन वर्षे ज्या मुलीच्या हिशेबावर बोट ठेवता आले नाही, तिने कंपनीच्या ऑडिटला घाबरण्याचे कारण नाही. प्रोफाइलवर स्वयंसेवी कामासाठी वेगळा रकाना असतो. आम्ही म्हणालो, तिथे हे लिही.

इथे तिचे वडील मध्ये बोलले. पालिकेत कंत्राटी सफाई कामगार. लेकीला न्यायला आले होते आणि दाराशी उभे राहून सगळे ऐकत होते. म्हणाले, "जयभीम साहेब. बाकी सगळं लिवा, पण समितीचं नाव नको. आडनावाचं पण फक्त पहिलं अक्षर टाका. पोरीला बोलावणं येऊ द्या आधी."

अभ्यासिकेत क्षणभर कुणी बोलेना. काय बोलणार? या माणसाची भीती काही भ्रम नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी याचा अभ्यासच केलेला आहे, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतल्या ५४८ खाजगी जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव सारखा. फरक फक्त नावाचा. कुणाचे नाव सवर्ण वाटेल असे, कुणाचे दलित, कुणाचे मुस्लिम. सारखीच पात्रता असून दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याचा संभव सवर्ण नावापेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी निघाला. अर्जदार कुणी पाहिलेला नाही, त्याच्याशी कुणी बोललेले नाही. नुसत्या कागदावरच्या नावाने हे झाले. तेव्हा वडील म्हणत होते ते खोटे नव्हते.

पण आम्हांला त्यांचा उपाय पटला नाही, आणि का पटला नाही ते सांगतो. नाव हे मार्कशीटवर आहे, आधारवर आहे, बँकेच्या पासबुकावर आहे. आज पानावर झाकले तर उद्या कागद तपासताना उघड होणारच, आणि तेव्हा प्रश्न उलटा येईल की लपवले का. म्हणून नाव कागदपत्रांवर आहे तसेच असावे, ही आमची पक्की सूचना. समितीच्या नावाची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते लिहिलेच पाहिजे असा काही नियम नाही. एखाद्याने 'वसाहतीच्या सार्वजनिक उत्सव समितीचे हिशेब, सलग तीन वर्षे' एवढेच लिहिले तरी त्यात खोटे काही नाही. हिशेब तेच आहेत. दुसऱ्याला वाटेल, ज्यांच्यामुळे आपण शाळेची पायरी चढलो त्यांचे नाव का गाळावे? दोन्ही प्रकारची माणसे आम्ही आपल्यात पाहिली आहेत आणि दोघांनाही आम्ही मान देतो. ज्याच्या घरात चूल पेटायची आहे त्याने ठरवावे. मंचावरून इतरांना बाणेदारपणा शिकवणाऱ्यांची स्वतःची पेन्शन बहुतेक सुरू असते, हेही जाता जाता नमूद करतो.

मुलीनेच मिटवले. म्हणाली, "पप्पा, नाव बघून जो बोलावणार नाही, तो पगारवाढ तरी देईल का?" आणि तिने समितीचे पूर्ण नाव लिहिले. वडील काही बोलले नाहीत. ते खूश झाले असे आम्ही लिहिणार नाही. ते नुसते गप्प राहिले.

फोटोचे मात्र आम्ही तिला स्पष्ट सांगितले. बाबासाहेबांचा फोटो आपल्या घरात आहे, विहारात आहे, त्याला तिथे आपण वंदन करतो. प्रोफाइलवरचा फोटो हा ज्याला कामावर घ्यायचे त्याचा असावा लागतो. तिथे दुसऱ्या कुणाचाही फोटो, मग तो फुलाचा असो की महामानवाचा, पाहणाऱ्याला एवढेच सांगतो की हा माणूस समोर यायला कचरतो. स्टुडिओत पैसे घालवू नका. सकाळच्या उजेडात, साध्या भिंतीपुढे, इस्त्रीचा कपडा घालून खांद्यापासून वरचा फोटो भावाने मोबाइलवर काढला तरी चालतो. लग्नाच्या फोटोतून कापलेला नको. खांद्यावर दुसऱ्याचा हात राहतो! जन्मतारीख, घरचा पत्ता, आधार, पॅन यांतले काहीही त्या पानावर टाकू नये. मुलींनी मोबाइल नंबरही सगळ्यांना दिसेल असा ठेवू नये; काम असेल तो तिथल्या तिथे निरोप पाठवू शकतो.

आणखी एक बारीक गोष्ट, जी न कळल्यामुळे एका मुलाला साहेबाच्या शिव्या खाव्या लागल्या. आपण नोकरी शोधत आहोत हे तिथे दोन रीतींनी कळवता येते. एकात फोटोभोवती हिरवे कडे येते, ते साऱ्या जगाला दिसते. दुसऱ्यात ते भरती करणाऱ्यांपुरते राहते. हातात नोकरी असताना दुसरी शोधत असाल तर दुसरी रीत निवडा. तीतही मालकाला कळणारच नाही अशी हमी ती कंपनी देत नाही, पण निदान कपाळावर पाटी तरी लागत नाही.

पान नीट झाले. आता ओळखीचे काय? कारण पान हे दुकान झाले, गिऱ्हाईक कोण आणणार?

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या एका गावात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारले होते की ज्याने ही जागा सांगितली तो तुम्हांला किती वेळा भेटत असे. १९७३ च्या त्यांच्या निबंधात उत्तर आहे: वरचेवर भेटणाऱ्याने सांगितली असे म्हणणारे सुमारे १७ टक्केच निघाले. बाकीच्यांना ती सांगितली अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांनी. २०२२ साली लिंक्डइनच्याच सुमारे दोन कोटी सभासदांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही जवळच्या घट्ट ओळखींपेक्षा जरा दूरच्या ओळखी नोकरीला अधिक उपयोगी पडतात असेच दिसले. कारण उघड आहे. आपला जिवलग मित्र आपल्याच गल्लीत राहतो, आपल्याला ठाऊक तेवढ्याच जागा त्यालाही ठाऊक. आपल्या वसाहतीत तर हे फारच खरे. दहा घरांत विचारले तर दहाही घरे त्याच दोन कंत्राटदारांचे नाव सांगतील. दूरची ओळख ज्यांना जन्मतः मिळते त्यांचा मामा बँकेत असतो, आत्या इस्पितळात, बाबांचा मित्र कारखान्याचा व्यवस्थापक. आपल्याला ती कष्टाने जोडावी लागते.

पण आपल्याकडे अगदीच काही नाही असे नव्हे. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय उभे केले. तिथून शिकून बाहेर पडलेली माणसे आज देशात आणि देशाबाहेर कुठे कुठे आहेत! लिंक्डइनवर महाविद्यालयाचे पान उघडले की माजी विद्यार्थ्यांचा एक भाग असतो. त्यातून कोण कोणत्या कंपनीत, कोणत्या शहरात, कोणत्या कामावर आहे ते चाळता येते. ही सोय फुकट आहे आणि आपली मुले ती वापरतच नाहीत. आपले कॉलेज कुठलेही असो, त्याचे पान शोधा. आयटीआयच्या बॅचचे सोबती, शिकवलेले मास्तर, आधीच्या नोकरीतले सहकारी, ट्रेनिंगला भेटलेले लोक यांनाही जोडून घ्या.

अनोळखी माणसाला काय लिहावे? बरीच मुले लिहितात, 'सर, कृपया मला नोकरी द्या.' नोकरी त्याच्या खिशात नसते. तो ओशाळतो आणि गप्प बसतो. त्याऐवजी माहिती मागावी, माहिती द्यायला माणसाला बरे वाटते. आमच्या मुलीने लिहिले: 'नमस्कार. मीही आपल्याच महाविद्यालयाची, बी.कॉम. दोन वर्षे अकाउंट्सचे काम करते आहे. आपल्या क्षेत्रात सुरुवातीच्या जागेसाठी टॅलीखेरीज काय शिकावे, हे आपण सांगू शकाल का?' तीन वाक्ये. फुकट खात्यावर अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच पाठवता येतात, म्हणून माणूस पाहून पाठवाव्यात. उत्तर आले नाही तर राग धरू नये, आणि रोज 'हॅलो सर' करू नये.

इथे आम्हांला आपल्याच मोठ्या पदांवर गेलेल्या बंधु-भगिनींशीही दोन शब्द बोलायचे आहेत. तुमच्यातले कित्येक जण 'पे बॅक टू सोसायटी'वर उत्तम भाषणे करतात. विहाराला देणगीही देता, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण वसाहतीतल्या एखाद्या मुलीची तीन वाक्यांची चिठ्ठी आली तर तिला तीन वाक्यांचे उत्तर द्या. जागा नसेल तर नाही म्हणा, पण काय शिकावे ते सांगा. त्याला पैसा लागत नाही, पाच मिनिटे लागतात. नुसते स्वतःच्या सत्काराचे फोटो लावण्यापुरते ते ठिकाण नाही.

आता फसवणुकीचे, थोडक्यात पण कान देऊन ऐका. प्रोफाइल चांगले झाले की चोरांच्याही नजरेत भरते. निरोप येतो: तुमची निवड झाली आहे, नोंदणीचे, गणवेशाचे, लॅपटॉपच्या अनामतीचे एवढे पैसे भरा. नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा हा मालक नव्हे, चोर आहे, मग त्याच्या कागदावर कितीही मोठ्या कंपनीचा शिक्का असो. मोबाइलवर आलेला ओटीपी कुणालाही सांगू नये. घरबसल्या व्हिडिओ लाइक करा आणि रोज हजार कमवा, हाही तोच सापळा. आधी शंभर-दोनशे देतात, मग आईच्या बचतगटाचे पैसे घेऊन जातात. पैसे गेले तर लाजून घरात बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. पहिल्या काही तासांत कळवले तर ती रक्कम पुढे जाण्याआधी बँकेत अडवता येण्याची आशा असते.

आमच्या मुलीने त्या महिन्यात अकरा चिठ्ठ्या पाठवल्या. चार उत्तरे आली. एका माजी विद्यार्थिनीने सांगितले, आमच्याकडे जागा नाही, पण एक्सेल पक्के कर, त्याशिवाय पुढे सरकता येत नाही. दुसऱ्याने आपल्या कंपनीतल्या भरतीच्या बाईंना तिचे पान दाखवले, आणि तिथून मुलाखतीचे बोलावणे आले.

मुलाखतीत टॅलीचे विचारले, जीएसटीचे विचारले, आणि मग विचारले, "वडील काय करतात?" हा प्रश्नही जुनाच आहे. थोरात यांच्या निबंधाबरोबरच २००७ साली सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांचा निबंध प्रसिद्ध झाला होता. त्यासाठी दिल्लीकडच्या भरती अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो असे सांगणारे तेच अधिकारी उमेदवाराची घरची पार्श्वभूमीही पाहत होते. आम्ही मुलीला आधीच सांगून ठेवले होते की हा प्रश्न येईल, गोंधळू नकोस, खरे ते एका वाक्यात सांग आणि बोलणे कामाकडे आण. तिने सांगितले, "महापालिकेच्या सफाई खात्यात कंत्राटावर आहेत. पहाटे पाचला हजेरी असते, आजवर एक खाडा नाही. मीही पेढीवर महिन्याचं विवरण कधी एक दिवस उशिरा भरलेलं नाही." समोरच्या बाईंनी काहीतरी लिहून घेतले. काय, ते कळले नाही.

निकाल अजून यायचा आहे. तोवर तिने एक्सेलचा क्लास लावला आहे, आणि धाकट्या भावाला, जो आयटीआयला फिटरच्या शेवटच्या वर्षाला आहे, रोज रात्री वही घेऊन बसवते. कार्यशाळेत आज काय केलेस ते लिही म्हणते. तो म्हणतो, काही विशेष नाही.